टनाचं लोखंड, तोळ्याचं जस्त

किन्हवलीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, बारा एमएमच्या सळईचं वजन किती? तो बाराचा वर्ग करणार, १६२ने भागणार आणि सांगणार, मीटरला ८८९ ग्रॅम. काटा लागत नाही. वर्तुळाचा ‘पाय’ आणि पोलादाची घनता, घनमीटरला ७,८५० किलो, दोन्ही त्या १६२मध्ये मुरलेले आहेत. दुकानाची जाळी असो की मॉलचा दर्शनी भाग, गोल सळईचा हिशेब हाच.

आता मुंबई विमानतळाचं टर्मिनल २ घ्या. २०१४मध्ये सुरू झालं. तीस खांबांवर ७०,००० चौरस मीटरचं छत, म्हणजे सव्वासतरा एकर. आपल्याकडे एवढी जमीन एका सातबाऱ्यावर असली तर माणूस जमीनदार! समजा, या सव्वासतरा एकरांवर अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा अंथरला, तर तो भरेल २७५ टन. आणि तोच पत्रा वितळवून ओतला, तर बारा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत जवळजवळ सगळा मावेल.

पण मला खरा चक्रावून टाकतो तो पत्र्यावरच्या जस्ताचा हिशेब. बाजारात १२० जीएसएमचा पत्रा मिळतो. म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ६० ग्रॅम, जेमतेम पाच तोळे. जाडी साडेआठ मायक्रॉनच्या आत, केसाच्या आठव्या हिश्श्याएवढी. सव्वासतरा एकरांची एक बाजू एवढ्या थराने झाकायला जस्त किती लागेल? ५८८ लिटर. डिझेलची तीन पिंपंसुद्धा पुरती भरणार नाहीत. शहापूरचा पावसाळा अडवायचा तो या थराने!

पत्रा बनवून त्यावर जस्त चढवण्याचं हे काम कुठे लांब चालतं असंही नाही. आपल्याच शहापूर तालुक्यात, वासिंदला, १९८२मध्ये जिंदालांनी स्टीलचा कारखाना उभारला; आजच्या जेएसडब्ल्यूची सुरुवात तिथली. त्याआधी शतकभर मागे गेलात, तर चित्र उलटं दिसेल. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि १८६७ ते १८६९ या काळात मुंबईत जोडला.

तुकडे बनवून आणून जोडायचे म्हटले की ऊन आडवं येतं. पहाटे १५ अंशांवर असलेलं लोखंड दुपारी ६५वर गेलं, तर शंभर मीटरमागे सहा सेंटिमीटर लांबतं. ग्रिलमधल्या सहा मीटरच्या अँगलला साडेतीन मिलिमीटरच लागतात. पण तेवढीही जागा दिली नाही, तर ५०-५०-६चा साधा अँगल सात टनांच्या जोराने भिंतीला रेटू बघतो. बहुतेक वेळा त्याआधीच वाकून मोकळा होतो. म्हणून जाणता कारागीर बोल्टचं भोक गोल न ठेवता लांबट ठेवतो. टर्मिनल २चं छत मात्र एक्स्पान्शन जॉइंट न ठेवता उभारलं आहे. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या छतांपैकी ते एक.

उरला वेल्डिंगचा ठिपका. दहा नंबरच्या रॉडच्या टोकाशी ठिणगी धरते तिथे तापमान ६,००० अंशांच्या घरात, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त. जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. जोडावरून पांढरा धूर निघतो ना, ते आपले पाच तोळे हवेत चाललेले असतात. तिथे उघडं लोखंड उरतं आणि गंज पहिला तिथेच धरतो.

तेव्हा शेडचे उरलेले पैसे देण्याआधी एकदा शिडीवर चढा आणि प्रत्येक जोडावर झिंकच्या प्रायमरचा हात फिरलाय का, ते बघून घ्या.