पिलासाठी घरातले घर

घरात कुत्र्याचे पिलू यावयाचे ठरले, की मुलांच्या आनंदाला सीमा राहात नाही. गृहिणीच्या कपाळाला मात्र आठी पडते. फरशी कोण पुसणार, चपला कोण लपविणार, आणि रात्री आईसाठी रडणाऱ्या त्या जिवाला उगी कोण करणार, हे सारे प्रश्न अखेर तिच्याच वाट्यास येतात.

आमचे मूळ घर डिचोली तालुक्यातील एका खेड्यात. माझ्या बालपणी तेथे एक कुत्रा होता. मोकळा सोडला तर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे धावतो, म्हणून पिलू असल्यापासून तो साखळीने माडाला बांधलेला असे. वर्षभरात तो इतका तापट झाला, की एके दिवशी जेवण ठेवावयास गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या हाताला त्याने दात लावले. जखम भरून आली. तिची भीती मात्र अद्याप गेलेली नाही. त्या वेळी सर्वांनी कुत्र्याला दोष दिला. दोष आमचा होता, हे उमगावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

पुढे आम्ही पणजीस बिऱ्हाड केले आणि पेडण्याच्या मावशीने आपल्या घरचे दोन महिन्यांचे पिलू मुलांना दिले. पशुवैद्यांनी लोखंडी जाळीचा एक पिंजरा आणावयास सांगितले. तो पाहताच आई म्हणाली, “अरे, साखळी नको म्हणतोस आणि पिंजऱ्यात कोंडतोस? मग फरक तो काय?”

आईचा प्रश्न अगदी रास्त होता. कोंडण्यासाठीच पिंजरा आणला, तर फरक काहीच नाही. परंतु कुत्र्याच्या जातीचा स्वभाव पाहिला, म्हणजे पिंजऱ्याचा खरा उपयोग ध्यानी येतो. कुत्री विते ती आडोशाच्या जागी. आणि पिले पायांवर उभी राहू लागली, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मलमूत्रासाठी निजण्याच्या जागेपासून दूर सरकू लागतात. आपली निजण्याची जागा स्वच्छ ठेवावी, ही बुद्धी त्यांना उपजतच असते. त्या बुद्धीला घराच्या शिस्तीची जोड देणे, एवढेच आपले काम.

म्हणून पिंजरा बेताचा असावा. पिलाला आत उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून निजता यावे. फार मोठा झाला, तर एका कोपऱ्यात ते निजते आणि दुसरा कोपरा घाण करते. पिलू वाढणारे असेल, तर मोठा पिंजरा घेऊन मधे फळी लावावी व ती हळूहळू सरकवीत न्यावी. आत जुनी वाकळ घालावी. गळ्यातील पट्टा काढून ठेवावा, कारण तो जाळीत अडकला तर गळफास बसण्याचे भय असते.

पहिले काही दिवस दार लावूच नये. आमच्या आईनेच पुढे होऊन उकडलेल्या कोंबडीचे तुकडे आत टाकावयास आरंभ केला. पिलू आपल्या पायांनी जाई व खाऊन बाहेर येई. नंतर जेवणाचे ताटही आतच ठेवले. ते खाण्यात गुंतले असता दार मिनिटभर लोटावे, मग पाच मिनिटे, मग पंधरा. रात्री पिंजरा आपल्या अंथरुणाशेजारी असावा. आईपासून नुकते तुटलेले लेकरू ते. माणसाचा श्वास जवळ ऐकू आला, की ते लवकर शांत होते.

वेळेचा हिशोब नीट सांभाळावा. पिलाचे वय जितके महिने, फार तर त्याहून एक अधिक तास ते लघवी धरू शकते, असा ठोकताळा आहे. परंतु दिवसा इतकी परीक्षा पाहू नये. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर व खेळल्यावर त्याला लगेच बाहेर न्यावे, आणि योग्य जागी विधी उरकला की तेथल्या तेथे शाबासकी द्यावी. आमच्याकडे पहाटे पोदेराचा भोंपू वाजला, की थोरला मुलगा पिलाला उचलून खाली नेत असे. रात्री बराच वेळ शांत निजलेले पिलू एकाएकी कुंई कुंई करू लागले, तर तो हट्ट समजू नये. बाहेर न्यावे आणि न खेळविता परत आणावे.

आता आमची एक चूक सांगतो. पिलाने धाकटीची नवी चप्पल चावली, तेव्हा रागाच्या भरात मी त्याला ओरडून पिंजऱ्यात ढकलले व दार लावले. दुसऱ्या दिवसापासून ते पिंजऱ्याजवळ येईना. दोन आठवड्यांचे काम एका क्षणात वाया गेले आणि सारे पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरू करावे लागले. पिंजरा शिक्षेसाठी कधीही वापरू नये. तसेच पिलू आत असता कोणीही हात घालून त्याला छेडू नये, हा नियम मुलांना कडकपणे सांगावा. चावण्याचे कित्येक प्रसंग अशाच थट्टेतून उद्भवतात.

या पद्धतीविषयी जगात एकमत नाही. अमेरिकेत ती सर्रास चालते; स्वीडन व फिनलंड येथे मात्र प्रवास वा आजारपण यांसारखी कारणे सोडता कुत्र्याला घरात पिंजऱ्यात बंद ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्या देशातील १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही हालचालीस पुरेशी जागा नसलेला पिंजरा, अवास्तव आखूड वा जड साखळी, आणि नित्य बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्यास फिरवावयास न नेणे, हे सारे गुन्हे ठरविले आहेत. आमच्या माडाखालची साखळी या कायद्यात बसली नसती, हे उघड आहे. नोकरीच्या पायी दिवसभर घर बंद राहात असेल, तर पिंजऱ्याने ती अडचण सुटत नाही. तेथे शेजारी वा नातलग यांची मदत हवी, अन्यथा पिलू आणूच नये.

गोव्याच्या हवेत आणखी एक सावधगिरी हवी. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या सज्जात वा बंद खोलीत पिंजरा ठेवणे प्राणघातक ठरू शकते. वारा खेळता हवा, पाणी हाताशी हवे. जमीन पुसताना उग्र फिनेल वापरू नये, कारण ते पायांना लागून पिलाच्या जिभेवर जाते.

पिलाचे मन घडण्याचा काळ थोडा असतो. स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ यासाठी महत्त्वाचा मानला आहे. या दिवसांत जे पिलू माणसांच्या सहवासात निर्भय वाढते, ते पुढे वैद्याच्या हातीही शांत राहते. ही गोष्ट लहान नव्हे. गोवा सरकार व ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी घरोघरच्या व रस्त्यांवरच्या कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम चालविली. २०१३ ते २०१९ या काळातील कामाचा अहवाल २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. त्यात कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे यश टिकावयाचे, तर प्रत्येक घरच्या पिलाला तीन महिन्यांचे होताच लस मिळाली पाहिजे व पुढे वैद्यांच्या सल्ल्याने ती चालू राहिली पाहिजे. आणि कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब इस्पितळ गाठावे.

आज आमचे पिलू मोठे झाले आहे. पिंजऱ्याचे दार आम्ही केव्हाच काढून टाकले. तरी दुपारी घर शांत झाले, की ते आपण होऊन आत जाऊन निजते. गेल्या नाताळात माझी बहीण आली होती. प्रथम ती दारातच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र ती त्याच्या पिंजऱ्यापाशी पाट घेऊन बसली होती, आणि ते आपले तोंड तिच्या पावलांवर टेकून झोपले होते.