पौंडाच्या पोटात किलो

आज आपण मापांविषयी बोलणार आहोत, आणि तेही अमेरिकेतल्या मापांविषयी. तुम्ही म्हणाल, त्यांच्या मापांशी आम्हाला काय करायचं? पण माप चुकलं की काय होतं, आणि ते चुकू नये म्हणून काय करावं, हे त्या देशाच्या गोष्टीतून छान समजतं.

अमेरिकेत भाजी पौंडावर मिळते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोला थोडं कमी. दूध आणि पेट्रोल गॅलनवर. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या आणि ऊन-थंडी फॅरेनहाइटमध्ये.

गंमत अशी, की पैशांच्या हिशोबात हा देश आपल्या कितीतरी आधी शहाणा झाला. १७९२ च्या कायद्यानेच तिथे १०० सेंटचा डॉलर आला. आपल्याकडे सोळा आणे जाऊन १०० नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. १८६६ मध्ये अमेरिकेने मीटर आणि किलो वापरायला कायद्याने परवानगी दिली. १८७५ मध्ये पॅरिसला झालेल्या मीटर करारावर सहीही केली. १८९३ पासून तर त्यांचा पौंड किती मोठा, हे किलोवरूनच ठरतं. म्हणजे पौंडाच्या पोटात किलो बसलेलाच आहे, फक्त बाजारात तो दिसत नाही.

मग बदल अडला कुठे? १९७५ मध्ये तिथे मेट्रिक मापांकडे वळण्याचा कायदा झाला, मंडळ नेमलं गेलं. पण बदल ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवला, शेवटची तारीख ठरवलीच नाही. पाट्या, यंत्रं, तराजू बदलायचे म्हणजे खर्च. लोकांनाही सवय सोडवेना. १९८२ मध्ये ते मंडळच बंद झालं. आपल्याकडे १९५६ चा कायदा झाला, मग टप्प्याटप्प्याने मुदती दिल्या आणि १९६२ पर्यंत किलो-लिटर सक्तीचे झाले. शेर, मण, छटाक बाजारातून गेले. सगळ्यांनी एकाच वेळी बदलायचं ठरलं, की बदल सोपा जातो.

तरीही अमेरिकेच्या घरांत मेट्रिक चोरपावलांनी शिरलं आहे. शीतपेयाची बाटली दोन लिटरची असते. औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये असते. खाऊच्या पाकिटावर साखर किती, मीठ किती, हे ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. १९९० च्या दशकापासून बहुतेक पाकिटांवर वजन दोन्ही मापांत लिहावं लागतं. ॲरिझोना राज्यात तर एका महामार्गावर अंतराच्या पाट्या किलोमीटरच्या आहेत.

दोन मापं शेजारी शेजारी नांदली, की घोटाळाही होतो. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं एक यान मंगळाजवळ पोहोचलं आणि नष्ट झालं. एका चमूने जोराचे आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. एवढ्या हुशार माणसांचं असं झालं, मग आपल्या स्वयंपाकघराचं काय सांगावं!

आणि स्वयंपाकघरातलाच धोका जवळचा आहे, तो म्हणजे लेकराच्या औषधाचा. अमेरिकेत टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर. नावं सारखी, औषध तिप्पट! म्हणून २०१५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की पातळ औषधाचं प्रमाण फक्त मिलिलिटरमध्येच लिहा, घरातला चमचा वापरू नका, खुणा असलेल्या पिचकारीने द्या.

लिहिण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. अर्धा लिहायचा तर '०.५' असा, आधी शून्य घालून. नुसतं '.५' लिहिलं आणि टिंब पुसट झालं, तर वाचणारा पाच समजतो, म्हणजे दहापट औषध. तसंच 'एक' लिहिताना '१.०' लिहू नये, ते दहा वाचलं जातं. अमेरिकेतल्या रुग्णालयांना ही दोन्ही बंधनं पाळायला सांगतात.

तारखेचंही तसंच. तिकडे महिना आधी, दिवस नंतर लिहितात. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, तिकडे ५ एप्रिल. तिकडून कुणी औषध किंवा खाऊ आणला, तर मुदत वाचताना हे ध्यानात ठेवा. तिकडच्या केकच्या कृतीत भट्टी ३५० अंशांवर ठेवा म्हणतात, ते फॅरेनहाइट. आपल्या भट्टीवर सेल्सिअस असेल, तर ते साधारण १७५ ते १८० होतात.

अमेरिकेला हसायचं मात्र कारण नाही. आपणही सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात, वाळू ब्रासमध्ये आणि ताप फॅरेनहाइटमध्येच मोजतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणून दागिना घेताना पावतीवर ग्रॅम लिहून घ्या. गटाचे पापड-मसाले विकताना पाकिटावर वजन ग्रॅम किंवा किलोमध्येच लिहा, 'एक पाव', 'अर्धा शेर' असं नको.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक गोष्ट करून पाहा. प्रत्येकीने घरातून एक चमचा आणायचा. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या खुणांच्या झाकणात ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि ते चमच्यात ओतायचं. कुणाचा भरून वाहील, कुणाचा रिकामा राहील. मग 'दोन चमचे द्या' म्हणजे नेमकं किती, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना मिलिलिटरमध्ये विचारायची सवय आपोआप लागेल. आणि ते झाकण फेकू नका हं, बाटली संपेपर्यंत तिच्यासोबतच ठेवा.