सासरचा वाडा, माहेरचं क्वार्टर

मैत्रिणींनो, ‘मुलांना आपलं मूळ गाव दाखवून आणायला हवं’ हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा ऐकू येतं! आणि मूळ गाव म्हणजे अर्थातच ‘ह्यांचं’. आमचंही तसंच ठरलं. आषाढातल्या एका रविवारी पहाटे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा कॅन घेऊन आम्ही चौघं पुण्याहून शिरूरला निघालो. मी मात्र हळूच एक अट घातली होती. परतताना दौंडवरून यायचं.

शिक्रापूरहून आत वळून आधी मोराची चिंचोली गाठली. पावसाळ्यात मोराचा पिसारा भरलेला असतो, नंतर पिसं गळतात. तेव्हा जायचं तर याच दिवसांत, आणि तेही सकाळी लवकर. बांधावर एक मोर नाचत होता आणि लांडोर त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दाणे टिपत होती. “ती आईसारखी कामातच आहे,” धाकटी म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

शिरूर म्हणजे जुनं घोडनदी. तिथल्या आमच्या वाड्यात आता चुलत दीर राहतात. सोप्यात नऊ पिढ्यांची वंशावळ टांगलेली आहे. मुलाने स्वतःचं नाव शोधलं. धाकटीनेही शोधलं, आणि विचारलं, “माझं कुठंय?” तिचं नव्हतं. माझं नव्हतं. सासूबाईंचंही नव्हतं. जाऊबाईंनी घाईने चहा पुढे केला.

न्हावऱ्याच्या रस्त्यावर मेंढरांनी गाडी अडवली. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगर पावसाळ्यात इकडे माघारी येतात. घोड्यावर सगळा संसार लादलेला, त्यावर कोंबड्या. मुलं खिडकीतून निम्मी बाहेर! घोड्याचा दोर धरलेल्या आजीने मला विचारलं, “म्हायार कुठलं गं बाई तुझं?” कितीतरी वर्षांनी कुणी हे विचारलं होतं. “दौंड,” मी म्हणाले. “मग लेकरांस्नी दाव की!”

पुढे घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. ती माणसं जव पिकवीत, गुरं-मेंढ्या पाळीत. तान्हं मूल गेलं, तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवून त्यात ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. त्या आईचं नाव कुठल्या वंशावळीत असणार? पण तिचं दुःख मात्र मातीने जपून ठेवलं.

भीमा ओलांडून केडगावला आलो. दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना पंडिता रमाबाईंनी इथेच आसरा दिला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी इथेच देह ठेवला. गाडीतच मी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली, चौफुला येईपर्यंत.

आणि मग दौंड! माझे वडील रेल्वेत गार्ड होते. रेल्वेवाल्याच्या मुलीला माहेरचं घर नसतं हो. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडावं लागतं. ते दोघंही आता नाहीत. आमच्या जुन्या क्वार्टरशी थांबले, तर आतल्या बाईंनी दार उघडलं. सांगितलं तशी म्हणाल्या, “अहो, आत या ना!” परसातला कढीपत्ता आईने लावलेला. अजून तसाच आहे.

स्टेशनजवळ मुलांना दाखवलं, मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन पूर्वी इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. बाबांचा डबा घेऊन मी कुठे उभी राहत असे, तेही दाखवलं. मुलगा म्हणाला, “आई, म्हणजे तुलापण गाव आहे?” बारा वर्षांचा झाला, आणि त्याला हे ठाऊक नव्हतं. यात दोष त्याचा नाही. मीच कधी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी आपण होऊन मोठा कागद काढला. दोन्हीकडची नावं लिहिली, बायकांचीसुद्धा. माझ्या पणजीचं नाव मला आठवेना. मावशीला फोन करून विचारलं.

मैत्रिणींनो, तुम्हीही सहलीला निघाल, तेव्हा डबा, पाणी आणि कचऱ्यासाठी एक पिशवी घ्याच. मोरांना खाऊ टाकू नका. मेंढरं आडवी आली तर हॉर्न वाजवू नका. आणि परतीच्या वाटेवर एक थांबा स्वतःचा ठेवा. घर उरलं नसलं तरी चालेल. मुलांना झाड दाखवा, शाळा दाखवा. पण आईची आणि आजीची नावं विचारायला मात्र उशीर करू नका.