जळतो तो धूर

चुलीत लाकूड जळतं, असं आपण सर्रास म्हणतो. पण ढणढणत्या चुलीकडे जरा बेतानं वाकून पाहा. ज्वाळा लाकडाला घट्ट चिकटलेली नसते. लाकडाच्या अंगापासून ती किंचित सुटून उभी असते. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात आणि हवा मिळाली की त्या पेट घेतात. वाळक्या लाकडाच्या वजनाचा पाऊण हिस्सा तरी असा वायुरूपानं निघून जातो आणि मागे कोळसा राहतो. म्हणजे ज्वाळा होऊन जळतो तो धूर! पेटला तर भाकरी भाजतो, न पेटता निसटला तर डोळ्यांतून पाणी काढतो.

खरं वाटत नसेल तर मेणबत्ती विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर हीच करामत दाखवली होती.

एवढं कळलं की चुलीचे सगळे रिवाज उलगडू लागतात. लाकडातून धूर जोमानं सुटायला त्याचं अंग अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावं लागतं. जाडजूड ओंडक्याला काडी लावली तर तिची ऊब ओंडक्याच्या पोटात कुठल्या कुठे जिरून जाते. बारीक काटकी मात्र क्षणात तापते. म्हणून आधी पाचोळा किंवा नारळाची सोडणं, मग तुराट्या-पऱ्हाट्या, मग ढलप्या आणि शेवटी बाभळीचं लाकूड, अशी चढती भाजणी.

ओल्या लाकडाची गोष्ट वेगळी. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. ते उडून जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या फारसं पुढे सरकत नाही. दरम्यान जो थोडाफार धूर सुटतो, त्याला पेटण्याइतकी उष्णता मिळत नाही. चूल नुसती धुमसते आणि घर काळं होतं. पावसाळ्याआधी सरपण माळ्यावर रचून ठेवण्यामागे हे शास्त्र आहे.

आणखी एक नवल म्हणजे एकटं लाकूड फार वेळ जळत नाही. चुलीत एकच लाकूड ठेवा, ते हळूहळू मान टाकतं. शेजारी दुसरं, तिसरं सरकवा, मधे बोटभर फट राहू द्या, की फटीत जाळ उसळतो. लाकडं एकमेकांना तापवत असतात! जाळ कमी करायचा तर लाकूड मागे ओढायचं, वाढवायचा तर आत सारायचं. हाव धरून चुलीचं तोंड गच्च भरलं तर मात्र हवा कोंडते. एक किलो कोरडं लाकूड पुरतं जळायला सुमारे सहा किलो हवा लागते. फुंकणी तीच पुरवते. आपल्या उच्छ्वासात प्राणवायू कमी असला तरी फुंकरीचा झोत आजूबाजूची हवा ओढून नेतो आणि निखाऱ्यावरची राख उडवून त्याचं अंग मोकळं करतो.

धोक्यांचं मूळही इथेच सापडतं. विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतणं सर्वांत घातक. निखाऱ्यावर पडताच त्याची वाफ होते, ती साठते आणि एकदम भडकते. पेट धारेवरून थेट हातातल्या डब्यापर्यंत चढू शकतो. तेव्हा रॉकेल नकोच, पुन्हा काटक्यांपासून सुरुवात करावी. पदर खोचलेला आणि ओढणी बांधलेली असावी, नायलॉनचे कपडे अंगावर नसावेत. पाण्याची बादली हाताशी असावी, पण पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकू नये. कढईवर झाकण सरकवावं. भाजलंच तर त्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडावं. धुरांडं असेल तर ते वेळोवेळी झाडावं, कारण आत साचलेलं काजळ आणि डांबर हाही न जळलेला धूरच, तो कधीही पेटू शकतो.

पण फसवा असतो तो बिनधुराचा निखारा. धूर संपला, लालबुंद आर उरला, की सुरक्षित वाटतं. निखाऱ्यांवर कधी निळसर ज्वाळा नाचताना दिसतात, त्या कार्बन मोनॉक्साइडच्या. हा वायू न जळता सुटला तर त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, झोप येते आणि काही वेळा माणूस उठतच नाही. म्हणून थंडीत दारं-खिडक्या लावून शेगडी उशाशी घेऊन झोपणं म्हणजे मृत्यूला आवतण. निखारे असेपर्यंत खिडकी उघडी हवीच, आणि झोपण्याआधी शेगडी घराबाहेर.

उरते राख. ती उष्णता अडवते, हवाही बेतानंच आत जाऊ देते. म्हणूनच पूर्वी बायका रात्री विस्तव राखेत पुरून ठेवत आणि सकाळी तोच उकरून चूल पेटवत. काडेपेटीचा खर्च वाचवणारा तोच गुण पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरलेल्या राखेतून आग लावतो. राख लोखंडी घमेल्यात काढावी आणि बाहेर पूर्ण गार होईपर्यंत ठेवून मगच परसात टाकावी. हात घालण्याआधी पाण्याचा एक शिपका मारावा. चुर्र आवाज आला तर विस्तव अजून जागा आहे.