विमानातून पडलेला कॅमेरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जितकी उंची जास्त तितका आघात जास्त, सबब विमानातून निसटलेल्या कॅमेऱ्याचा भुगाच व्हायचा, हा सिद्धांत पाचगणीच्या पॅराग्लायडिंगचा विषय निघाला की सातारा-सांगलीकडे इतक्या ठाम स्वरात मांडला जातो की, मांडणाऱ्याच्या हिशेबातून हवा नावाचा पदार्थ सर्वस्वी गहाळ झाला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हवा नसती तर १०,००० फुटांवरून सुटलेली वस्तू ताशी सुमारे ८८० किलोमीटर वेगाने आदळली असती, हे निर्विवाद; परंतु वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढत जातो आणि तो वजनाशी समतोल झाला की वेगवृद्धी खुंटते. १५० ग्रॅमच्या चिमुकल्या कॅमेऱ्याची ही मर्यादा ताशी १०० किलोमीटरच्या आसपास असते, आणि तिच्या निकट पोहोचण्यास १०० मीटरांचे पतन पुरते. अर्थात, सातारा शहरावर सुमारे ३०० मीटर उभ्या असलेल्या अजिंक्यताऱ्याच्या उंचीवरून तो पडला काय किंवा विमानातून पडला काय, अखेरचा वेग जवळजवळ तोच!

पुरावाच हवा असेल, तर ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा एक फलक सुमारे १६,००० फुटांवर उखडला, तेव्हा बाहेर फेकला गेलेला आयफोन झुडपाखाली चालू स्थितीत सापडला. असे दोन फोन मिळाल्याचे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेच जाहीर केले.

निकाल लागतो तो उंचीवर नव्हे, थांबण्याच्या अंतरावर. कासच्या जांभ्यावर कॅमेरा एका मिलिमीटरात थांबला आणि कृष्णाकाठी, नुकत्याच पाणी पाजलेल्या उसाच्या काळ्या रानात १० सेंटिमीटर रुतून थांबला, तर दुसऱ्या ठिकाणचा सरासरी आघात पहिल्याच्या शंभरावा हिस्सा.

किरकोळ गैरसमजांचा खुलासा थोडक्यात:

जड आणि हलका कॅमेरा सारख्याच वेगाने पडतो? निर्वात चंद्रावर होय. येथे भारी भिंगाचा जड कॅमेरा अधिक वेगाने पडतो आणि अधिक फुटतो.

वाटेत उल्केसारखा जळतो? त्यासाठी सेकंदाला कित्येक किलोमीटरांचा वेग लागतो.

विमानाच्या बरोबर खाली पडतो? विमानाचा वेग घेऊनच सुटतो, म्हणून पुढे जाऊन पडतो.

कॅमेरा फुटला की चित्रे गेली? मेमरी कार्डात हलणारा भाग नसतो. ते पुष्कळदा वाचते.

एवढे वाचून कोणी प्रयोगास प्रवृत्त होऊ नये. क्रिकेटच्या चेंडूएवढ्या वजनाची वस्तू ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वेगाने येते. फलंदाज तिच्यासाठी शिरस्त्राण घालतो, रानात भांगलणारी बाई घालत नाही. तेव्हा आकाशात जाताना कॅमेरा दोरीने बांधावा.