शंभर खोल्यांमागे एक अंगणवाडी

विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या परिसरातल्या फुलपाड्यात कामधंद्यासाठी आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहतात. मोठी माणसे लोकल गाठायला निघून जातात, मागे उरतात लहान मुले. पहिलीत जाण्याआधी या मुलांसाठी सरकारची जी शाळा आहे, ती अंगणवाडी. तिचा पट भरण्याची रीत मात्र जगावेगळी आहे. इथे पालकांना अर्जासाठी रांग लावावी लागत नाही. सेविकाच वही घेऊन घरोघर फिरते आणि मुलांबरोबर गर्भवती व स्तनदा मातांचीही नोंद करते. म्हणजे मूल जन्माला येण्याआधीच त्याची शाळा त्याच्या दारी येऊन गेलेली असते!

ही रीत याच पालघर जिल्ह्याच्या मातीतली आहे. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक इथल्या बोर्डी गावी आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखत, म्हणून कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यावी म्हणून त्या भावंडासाठी पाळणाघरही आले. मूल का येत नाही, याचे कारण त्यांनी मुलाच्या घरात शोधले आणि शाळा बदलली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

या केंद्रांची संख्या पटावर नव्हे, लोकवस्तीवर ठरते: 400 ते 800 लोकसंख्येला एक, 800 ते 1600 ला दोन. खोलीत पाच माणसे धरली, तर शंभर खोल्यांची चाळ एकटीच एका अंगणवाडीला पात्र ठरते. फुलपाड्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या भागात हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडायला हवा.

प्रत्येक अंगणवाडीत सेविका एक आणि मदतनीस एक. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची गाणी-गोष्टी, गरम ताजा आहार, धाकट्यांचा घरपोच आहार, वजन-उंची, लसीकरणाला मदत, गृहभेटी आणि वर मोबाइलवर पोषण ट्रॅकरच्या नोंदी. सेविका गृहभेटीला गेली की वर्ग मदतनिसाच्या हाती राहतो. एवढ्या कामाला दोन माणसे अपुरी आहेत, हे माझे स्पष्ट मत. शिवाय त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2022 चा निकाल यावा लागला.

त्याच न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश प्रत्येक रहिवाशाने लक्षात ठेवावा. ज्या ग्रामीण वा झोपडपट्टीच्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळण्याचा लोकांना हक्क आहे. तेव्हा आपल्या वस्तीतली मुले मोजा, यादी करा आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी द्या.