जीपच्या पोटातील दुसरी पेटी

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपल्याकडे कोयते, कुऱ्हाडी आणि शिवणयंत्रे ह्यांच्या बरोबरीने गाड्यांचीही पूजा होते. गाडी धुऊन पुसून लख्ख केली जाते, पुढच्या बाजूस झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ही पूजा दिसणाऱ्या गाडीची झाली. गाडीच्या पोटाशी मात्र असे काही भाग असतात, की ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे कोणी डोकावत नाही. त्यांपैकी एका पेटीची ओळख करून घ्यावी आणि तिच्यातील तेल घरच्या घरी कसे बदलावे हे समजून घ्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. ह्या पेटीला 'ट्रान्स्फर केस' म्हणतात.

ही पेटी प्रत्येक मोटारीत नसते. बहुतेक मोटारींत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन चाके नुसती फिरत राहतात. सडकेवर तेवढे पुरते. परंतु मिरगाच्या पावसानंतर पेडण्याच्या डोंगराळ वाड्यांवरील वाट आठवून पाहा, किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यातील लाल चिखल डोळ्यांपुढे आणा. शक्ती मिळालेले चाक तेथे जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी इंचभरही हलत नाही. अशा ठिकाणी चारही चाकांनी एकदम जोर लावला, तर कोठल्या तरी चाकाला पकड मिळते आणि गाडी बाहेर पडते. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अ‍ॅक्सलांकडे वाटून देण्याचे काम ट्रान्स्फर केस करते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनविलेल्या विलिस जीपमुळे ही रचना जगभर पोहोचली. आपल्या देशात महिंद्र कंपनीने १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९८५ साली मारुती जिप्सी आली, २०१० साली महिंद्र थार आली आणि २०२३ साली जिम्नी बाजारात आली. रूप पालटत गेले, तरी चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या ह्या गाड्यांच्या पोटातील पेटीचे तत्त्व फारसे पालटले नाही.

ह्या पेटीचे आणखी एक काम आहे. मोठा चिरा हलवायचा असला, की आपण लांब पहार घेतो. हात बराच खाली जातो, चिरा थोडासाच उचलला जातो. पण एरवी न हलणारा चिरा हलतो. गती कमी करून जोर वाढविण्याची हीच युक्ती ट्रान्स्फर केसच्या 'लो' गिअरमध्ये आहे. महायुद्धातील विलिस जीपमध्ये हे प्रमाण १.९७ ला १ असे होते. म्हणजे पेटीतून बाहेर पडणारा दांडा एकदा फिरण्यासाठी आत येणारा दांडा जवळजवळ दोनदा फिरे. वेग अर्ध्यावर येई आणि जोर सुमारे दुप्पट होई. चढणीवर अडकलेली गाडी वर येते ती ह्याच हिशेबाने.

आता तेलाकडे वळू. पेटीत पोलादी दातेरी चक्रे एकमेकांत अडकून फिरत असतात. दात दातावर घासला तर धातू झिजतो आणि तापतो. दोन दातांमध्ये तेलाचा पातळ पडदा राहिला, तर धातूला धातू भिडत नाही. शिवाय तेल उष्णता वाहून नेते, गंज अडविते आणि झिजलेले कण तळाशी नेऊन सोडते. पण सतत तापल्याने तेलाचे गुण हळूहळू उतरतात आणि कण साठत जातात. इंजिनातील तेल सर्वजण आठवणीने बदलतात. ह्या पेटीतील तेल मात्र गाडी विकेपर्यंत तसेच राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आत जाते तेल किती? मारुती जिप्सीच्या ह्या पेटीत ते एक लिटरच्याही आत मावते. एवढ्याशा तेलाच्या हेळसांडीमुळे सबंध पेटी उघडण्याची पाळी येते.

आपल्या भागात ह्या तेलाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी. पेटीला हवा घेण्यासाठी एक बारीक छिद्र ठेवलेले असते. गाडी धावून पेटी तापली, की आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. अशी तापलेली पेटी भरल्या व्हाळात एकदम बुडाली, की ती थंड होते, आतली हवा आकुंचन पावते आणि छिद्र पाण्याखाली असले तर हवेऐवजी पाणीच आत ओढले जाते. हे पाणी तेलात घुसळले जाऊन तेल दुधाळ होते, आणि असे तेल दातांवर पडदा धरू शकत नाही. म्हणून ज्या गाडीने पावसाळ्यात खोल पाणी ओलांडले, तिच्या बाबतीत पुस्तिकेतील किलोमीटरांचा आकडा भरण्याची वाट पाहू नये. पाऊस संपताच तेल तपासावे.

कोणते तेल घालावे, हा प्रश्न दुकानदारावर सोपवू नये. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तेलाचे नाव स्पष्ट दिलेले असते. डब्यावर '७५डब्ल्यू-९०' किंवा '९०' असा आकडा दिसतो. तो तेलाचा दाटपणा सांगतो. 'जीएल-४' आणि 'जीएल-५' ही अक्षरे तेलाची प्रत सांगतात. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा म्हणून ते तेल सर्वत्र अधिक चांगले, असे मात्र नाही. जीएल-५ तेलात दातांवरील भारी दाब सोसण्यासाठी गंधकयुक्त द्रव्ये अधिक असतात, आणि त्यांतील काही द्रव्ये पितळेच्या वा काशाच्या भागांना बाधक ठरू शकतात. काही नव्या गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये तर गिअर तेल चालतच नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वापरतात ते पातळ, लाल तेल लागते. पुस्तिका सांगेल तेच तेल, हा येथे नियम.

आता प्रत्यक्ष कृती. हे काम मोठ्या माणसांचे आहे. मुलांनी पाने हाती द्यावे, पाहावे, नोंद ठेवावी. पण एकट्याने गाडीखाली शिरू नये.

प्रथम गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणावी. कोमट तेल पातळ होऊन लवकर वाहते आणि तळचा गाळ बरोबर घेऊन येते. तेल चटका बसण्याइतके तापलेले मात्र नसावे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ट्रान्स्फर केसचा दांडा मधल्या 'न्यूट्रल' स्थानी राहिला, तर इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. मग पहिला गिअर टाकूनही गाडी घरंगळू शकते. तो दांडा कोठे आहे, हे गाडीखाली जाण्यापूर्वी पाहावेच.

जीपसारख्या गाड्या जमिनीपासून उंच असतात. त्यामुळे हे काम बहुधा गाडी न उचलताच होते, आणि न उचललेली गाडी कोणाच्या अंगावर पडत नाही. उचलणे भागच पडले, तर चारही बाजू सारख्या उंचीवर, मजबूत लोखंडी स्टँडवर टेकवाव्यात. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. आपल्याकडे अंगणात चिरे हाताशी असतात आणि चाकाखाली चार चिरे रचण्याचा मोह होतो. जांभ्याचा चिरा भिंतीत भार सोसतो खरा. पण एका टोकावर एकवटलेला लोखंडाचा भार आला, तर तो केव्हा फुटेल ह्याचा नेम नाही. एक लिटर तेलापायी जीव धोक्यात घालण्याचे काहीच कारण नाही.

पेटीला दोन बुचे असतात. एक बाजूला, मध्यावर. त्यातून तेल भरतात. दुसरे तळाशी, त्यातून तेल काढतात. पहिल्यांदा वरचे, भरावयाचे बूच उघडावे. हा क्रम मोडू नये. कारण वरचे बूच गंजून घट्ट बसलेले असेल आणि खालून तेल आधीच काढून टाकले असेल, तर पेटी रिकामी आणि भरण्यास वाट नाही, अशी अवस्था होते. मग गाडी मिस्त्रीकडे नेण्याचीही सोय उरत नाही. वरचे बूच सुटले, की खाली पसरट भांडे ठेवावे आणि तळचे बूच काढावे. पाना बुचावर नेमका बसणारा असावा. सैल पान्याने बुचाचे कोपरे झिजतात.

तेल ओघळत असताना त्याच्याकडे नीट पाहावे. काळपट तपकिरी तेल म्हणजे केवळ वय झालेले तेल. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे आत पाणी शिरले. अनेक गाड्यांत तळच्या बुचाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला असेल, तर ती नेहमीची झीज होय. काळजीचे कारण नाही. पण बोटांना टोचणारे कण, चकत्या किंवा दाताचा तुकडा सापडला, तर नवे तेल घालून दुखणे झाकू नये. तो तुकडा कागदात बांधून जाणत्या मिस्त्रीला दाखवावा.

सगळे तेल निथळले, की बूच पुसून, नवे वॉशर घालून तळचे बूच बसवावे. पेटी पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची असते. अंगचा सारा जोर लावून आवळल्यास आटे जातात. पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळणे उत्तम. मग वरच्या छिद्रातून नळी लावलेल्या पिचकारीने नवे तेल घालावे. तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत येऊन बाहेर ओघळू लागले, की पेटी भरली. गाडी कलती उभी असेल तर हे माप चुकते, म्हणूनच सपाट जागेचा आग्रह. अधिक तेल कोंबल्यास फेस येतो आणि सीलमधून गळती सुरू होते. वरचे बूच बसवावे, पेटी पुसावी, गाडी थोडी फिरवून आणून दोन्ही बुचे कोरडी आहेत ना हे पाहावे. चारही चाकांचा गिअर तपासायचा झाल्यास तो मातीच्या वाटेवर तपासावा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरण्यास वाव नसतो, त्यामुळे पुढची-मागची जोडणी ताठ असलेल्या गाडीत सगळा ताण ह्या पेटीवर येतो. वाळू मऊ असते म्हणून हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर गाडी नेण्याचा विचारही करू नये; गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालविण्यास बंदी आहे आणि खारे पाणी लोखंडाचा वैरीच.

येथे काम संपले असे बहुतेकांना वाटते. पण भांड्यातले ते लिटरभर काळे तेल अजून तेथेच आहे. कोणी ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतो, कोणी डासांसाठी गटारात ओततो, कोणी माडाखाली खड्डा करून पुरतो. आपली जमीन कशी आहे ते पाहा. जांभा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि आपल्या विहिरींना मिळते. जे वरून ओतावे, ते आज ना उद्या त्याच वाटेने खाली जाते. उताराने वाहिले तर डिचोलीत ते डिचोली नदीला किंवा वाळवंटीला आणि त्यांच्यामार्फत मांडवीला मिळते. पेडण्यात तेरेखोल किंवा शापोरा नदीला मिळते. मोटारीच्या एका वेळच्या तेलबदलातून निघणारे तेल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. तो हिशेब इंजिनाच्या तेलाचा आहे. आपल्या पेटीतले तेल त्याहून कमी. पण आपल्या घरची विहीरही काही ३८ लाख लिटरांची नसते.

वास्तविक वापरलेले तेल निरुपयोगी झालेले नसते. ते मळलेले असते. शुद्ध करून ते पुन्हा वापरात आणता येते. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक टाकाऊ पदार्थांत मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. पण ही साखळी आपल्या अंगणापासून सुरू व्हावी लागते. जुने तेल नरसाळ्याने त्याच रिकाम्या डब्यात भरावे. त्यात पाणी, रॉकेल, रंग काही मिसळू नये. मिसळले की शुद्धीकरण अवघड होते. झाकण घट्ट लावून, वर 'जुने तेल' असे लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि जुने तेल अधिकृत संकलकाला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे. फडकी चुलीत जाळू नयेत आणि विहिरीच्या काठावर धुऊ नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर एक लहानशी वही तुम्ही स्वतःकडे घ्या. तेल कोणत्या दिवशी बदलले, तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती, कोणते तेल किती घातले, जुन्याचा रंग कसा होता आणि ते कोठे दिले, अशा पाच गोष्टी तीत लिहीत चला. चार वर्षांनी ती वही उघडाल, तेव्हा गाडीची प्रकृती कोणत्याही मिस्त्रीपेक्षा तुम्हांला अधिक ठाऊक असेल. आणि पाचव्या रकान्यात प्रत्येक वेळी गॅरेजचे नाव असले, तर त्या गाडीच्या तेलाचा थेंबही घरच्या विहिरीत गेला नाही, हेही तुम्हांला खात्रीने सांगता येईल.